जुन्या पीसीत नवं ग्राफिक कार्ड बसवताना: आधी मशीन तपासा, मग कार्ड निवडा

सांगली-मिरजेत, साताऱ्यात घरोघरी चालणाऱ्या जुन्या स्वस्त पीसींचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला दुकानदाराने जुळवून दिलेला: एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, आय३ नाहीतर आय५ प्रोसेसर आणि कॅबिनेटसोबतच आलेला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. दुसरा बँकेतून, पतसंस्थेतून किंवा पुण्याच्या एखाद्या कंपनीतून निघालेला आणि रिफर्बिश्ड म्हणून विकला गेलेला डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क किंवा लेनोव्हो थिंकसेंटर. या दोन्हींत नवं ग्राफिक कार्ड बसतं. वालचंद कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला थ्रीडी चित्रांचं ब्लेंडर चालवायचं असो, की गावातल्या स्टुडिओला लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे असोत, अशा मशीनमधून अजून बरंच काम काढता येतं. मात्र गेमला किंवा सॉफ्टवेअरला काय लागतं यावरून कार्ड निवडू नका. मशीनला काय झेपतं यावरून निवडा. एसएमपीएस, स्लॉट (मदरबोर्डवरची कार्डाची खाच), जागा, बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) आणि मॉनिटर या गोष्टी पैसे देण्याआधी तपासायच्या, आणि त्याही याच क्रमाने.

एसएमपीएस

कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल मोबाइलने फोटो काढून वाचा. मोठ्या अक्षरात छापलेल्या "४५० वॅट" कडे दुर्लक्ष करा. खाली एक तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा, कारण ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर हा आकडा १४ ते १६ अँपिअर असा दिसला तर नवल नाही. १६ ला १२ ने गुणा: १९२ वॅट. म्हणजे ४५० च्या नावाखाली उपयोगाचे दोनशेसुद्धा नाहीत. १२ व्होल्टच्या दोन ओळी दिल्या असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका. दोन्ही मिळून जास्तीत जास्त किती वॅट, तो आकडा वेगळा छापलेला असतो, तोच धरा.

आता खर्चाची बाजू. आय५-३४७० चा टीडीपी (प्रोसेसरच्या वीजखर्चाचा ढोबळ आकडा) ७७ वॅट, आय५-४५९० चा ८४ वॅट. मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क आणि पंखे मिळून ३०-४० वॅट धरा. त्यात ७० वॅटचं कार्ड मिळवलं की एकूण १९० च्या आसपास जातं. स्वस्त एसएमपीएसकडून छापील आकड्याच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्तीचा भरवसा ठेवू नये, आणि त्या हिशेबाने १९२ वॅटवाला इथेच नापास होतो. जुळवलेल्या पीसीत मूळचा लोकल एसएमपीएस असेल तर कार्ड कितीही लहान घ्या, तो आधी बदला. ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा, चांगल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. बजेट ताणलेलं असेल तर कार्ड एक पायरी खालचं चालेल, एसएमपीएस नाही. हलका एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, सोबत मदरबोर्ड आणि कार्डही नेतो.

ब्रँडेड मशीनची गोष्ट वेगळी आहे. ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या मिनी टॉवरमध्ये २७५ वॅटचा, ९०२० च्या मिनी टॉवरमध्ये २९० वॅटचा आणि ९०२० च्या लहान पेटीत २५५ वॅटचा एसएमपीएस येतो. आकडे छोटे दिसतात, पण ते प्रामाणिक असतात, म्हणून ७०-७५ वॅटचं कार्ड त्यांच्यावर नीट चालतं. त्यापुढे जायचं तर एसएमपीएस बदलणं आलं आणि तिथे खरी अडचण येते. ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२० आणि ९०२० च्या मदरबोर्डवर नेहमीच्या २४ पिनऐवजी डेलचा स्वतःचा ८ पिनचा सॉकेट आहे. एचपीच्या त्या काळातल्या बऱ्याच मॉडेलांत ६ पिनचा असतो. साधा एसएमपीएस लावायला २४ पिन ते ८ पिन किंवा ६ पिन असा त्या मॉडेलचाच अडॅप्टर लागतो. तो इथल्या दुकानात सहसा मिळत नाही, ऑनलाइन मागवावा लागतो. मागवण्याआधी जुन्या एसएमपीएसची लांबी-रुंदी आणि स्क्रूच्या भोकांच्या जागा नव्याशी जुळतात का ते मोजून घ्या.

पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. ६ पिनची वायर आणखी ७५ आणि ८ पिनची १५० वॅट देते. जुन्या एसएमपीएसला ही वायर नसली की दुकानात साटा (हार्ड डिस्कला लावायचा कनेक्टर) ते ६ पिनचा अडॅप्टर हातात ठेवतात. तो घेऊ नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमधल्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट सोसतात. त्यातून ७५ वॅट ओढले की प्लास्टिक वितळतं, कधी पेटतंही. ज्या एसएमपीएसला ग्राफिक कार्डची वायर मुळातच नाही, तो त्या कार्डासाठी बनवलेलाच नाही.

यूपीएसचाही हिशेब करा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ७० वॅटच्या कार्डासह पीसी आणि मॉनिटर त्यावर आरामात चालतात. दीडशे वॅटच्या कार्डावर गेम चालू असताना लाइट गेली, तर जुन्या बॅटरीचा यूपीएस बीप देण्याआधीच बंद पडू शकतो.

स्लॉटचा वेग

नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये चालतं, फक्त वेग स्लॉटचा मिळतो. पीसीआय एक्सप्रेस २.० मध्ये एका लेनला (डेटा जाण्याच्या एका वाटेला) सेकंदाला ५०० एमबी, ३.० मध्ये साधारण १ जीबी आणि ४.० मध्ये साधारण २ जीबी. कार्डाचा कनेक्टर १६ लेनचा दिसला तरी आत किती लेन जोडल्या आहेत हे कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये बघावं लागतं, आणि बजेट कार्डांत सगळा फरक इथेच पडतो.

एएमडीचं आरएक्स ६४०० घ्या. ५३ वॅटचं, वेगळी वायर न लागणारं, लहान पेटीत बसणारं. वरवर बघता जुन्या पीसीसाठीच बनवलेलं वाटतं. पण त्याला फक्त ४ लेन आहेत. ४.० च्या स्लॉटमध्ये सेकंदाला ८ जीबी मिळतात, दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरच्या एच६१ बोर्डवर मात्र २ जीबीच. कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की उरलेला डेटा याच अरुंद वाटेने रॅममधून येतो आणि गेम झटके खात चालतो. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ फाइल झटपट तयार करणारा भाग) नाही, त्यामुळे एडिटिंगवाल्यांच्या ते कामाचं नाही.

तुमचा बोर्ड कुठला ते सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मेनबोर्डच्या टॅबवर दिसतं. दुसऱ्या पिढीच्या इंटेलवर २.० असतं. चौथ्या पिढीचा प्रोसेसर स्वतः ३.० चा असला तरी एच८१ चिपसेट त्याला २.० वरच अडवतो. बी८५ किंवा ऑप्टिप्लेक्स ९०२० मधल्या क्यू८७ वर पूर्ण ३.० मिळतं. म्हणून २.० च्या बोर्डवर निदान ८ लेनचं कार्ड घ्या.

बोर्डवर दोन लांब स्लॉट असतील तर प्रोसेसरजवळचा सहसा खरा १६ लेनचा असतो. दुसरा दिसायला तेवढाच, पण आत बहुधा ४ लेनचा. बोर्डवर स्लॉटशेजारी छापलेलं नाव वाचून खात्री करा.

जागा

स्लॉटपासून समोरच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत पट्टीने मोजा आणि कार्डाच्या लांबीपेक्षा निदान २ सेंटिमीटर जास्त निघतात का बघा. कार्डाच्या टोकाखाली साटाचे पोर्ट येत असतील तर सरळ डोक्याच्या केबल कार्डला अडतात. काटकोनी डोक्याच्या केबल घ्या. जाडीत एक स्लॉट म्हणजे साधारण २ सेंटिमीटर.

रिफर्बिश्डच्या चपट्या पेटीत साधं कार्ड बसतच नाही. तिथे लो-प्रोफाइल कार्ड लागतं, ज्याची मागची पट्टी साधारण ८ सेंटिमीटर असते. साध्या कार्डाची १२ असते. खोक्यात दोन्ही पट्ट्या आहेत का ते विचारून घ्या. काही चपट्या पेट्यांत १६ लेनच्या स्लॉटला खेटूनच एसएमपीएसची भिंत येते, तिथे दोन स्लॉट जाडीचं लो-प्रोफाइल कार्डही अडकतं. अशा वेळी एका स्लॉटचं एनव्हिडिया टी६०० (४० वॅट) किंवा टी१००० (५० वॅट) घ्यावं. त्यांना मिनी डिस्प्लेपोर्टच असतात, तेव्हा मॉनिटरसाठीची केबल सोबतच मागवा.

कुठलं कार्ड

पंचाहत्तर वॅटच्या आत, वेगळ्या वायरशिवाय, आजच्या घडीला सगळ्यात समंजस निवड म्हणजे आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं, ७० वॅटचं, ८ लेनचं. चांगला एन्कोडर आहे, लो-प्रोफाइलमध्येही मिळतं. पण नावात फसगत आहे: २०२२ चं ८ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे १३० वॅटचं वेगळं कार्ड आहे आणि त्याला जादा वायर लागते. बिलावर "६ जीबी" लिहून घ्या, आणि फोटोत कार्डच्या वरच्या कडेला पॉवरचा सॉकेट नाही ना, ते बघा.

वापरलेलं घ्यायचं तर जीटीएक्स १६५० चालेल. त्याच्याही काही मॉडेलांना ६ पिन लागते. जीटीएक्स १०५० टीआय अजून खूप विकलं जातं, पण एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हर बंद केले आहेत. पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट मिळणार. जीटी १०३० घेणारच असाल तर जीडीडीआर५ चं घ्या. डीडीआर४ च्या मॉडेलची मेमरी सेकंदाला १६.८ जीबी वाहते, जीडीडीआर५ ची ४८. नाव एकच, काम निम्म्याच्या जवळपास. इंटेलचं आर्क ए३८० अशा मशीनला टाळा. त्याला रिसायझेबल बार नावाची, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय लागते, ती या जुन्या बोर्डांच्या बायोसमध्ये नसते आणि तिच्यावाचून ते गेममध्ये फार मागे पडतं.

फारच स्वस्तात "१०५० टीआय ४ जीबी" कुणी देत असेल तर ते जुन्या जीटीएक्स ५५० टीआयचं बायोस बदलून बनवलेलं असू शकतं. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडा, नावाआधी फेक असं दिसलं की परत करा. विकणाऱ्यासमोर मशीन चालू करूनच पैसे द्या. नवं कार्ड घेताना वॉरंटीसाठी ते कुठल्या शहरात पाठवावं लागेल आणि कुरिअरचा खर्च कुणाचा, हे आधी विचारा.

मॉनिटर आणि बायोस

जुन्या मॉनिटरला निळ्या व्हीजीए केबलशिवाय काही नसतं, आणि या नव्या कार्डांना व्हीजीए नसतं. नुसत्या पिना जुळवणाऱ्या स्वस्त केबलने चित्र येत नाही, कारण कार्डातून डिजिटल सिग्नल निघतो आणि मॉनिटरला अ‍ॅनालॉग लागतो. आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या.

कार्ड बसवण्याआधी, जुनं डिस्प्ले चालू असतानाच, बायोस अपडेट करा. डेल, एचपी, लेनोव्होच्या साइटवर मॉडेलनुसार फाइल मिळते. अपडेट चालू असताना लाइट जाता कामा नये, म्हणून यूपीएस चार्ज करून ठेवा. मग विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून बायोस मोड बघा. तिथे लेगसी (जुनी पद्धत) असेल तर यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) असलेल्या बोर्डवर ते बदलणं फायद्याचं, पण नुसता बायोसमधला पर्याय फिरवला तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी डेटाची कॉपी काढा, विंडोजमधलंच एमबीआर टू जीपीटी हे डिस्कची मांडणी बदलणारं साधन चालवा आणि मगच यूईएफआय करा. यूईएफआयच नसलेल्या जुन्या एच६१ बोर्डवर काही नवी कार्डं पडद्यावर काहीच दाखवत नाहीत. असा बोर्ड असेल तर परत घेण्याची बोली करूनच कार्ड आणा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. एनव्हिडियाने विंडोज १० वर आरटीएक्स कार्डांसाठी गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचं जाहीर केलं आहे. कार्ड घेताना हे लक्षात असू द्या.

बसवणं

आधी अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातल्या त्या सॉकेटला अर्थ नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही पत्र्याशी जोडतात. अर्थ नसला की पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण एचडीएमआयची केबल चालू टीव्हीला जोडताना तोच कार्डचा पोर्ट जाळू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या, तोवर केबल जोडताना दोन्हीकडची बटणं बंद ठेवा.

सांगलीत सेकंडहँड मशीन उघडलंत तर आणखी एक तपासा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात इथली कितीतरी दुकानं आणि ऑफिसं पाण्याखाली गेली. एसएमपीएसच्या जाळीत आतून गाळाची बारीक रेघ, स्लॉटच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर, खालच्या स्क्रूंना गंज अशी खूण दिसली तर त्या मशीनमध्ये नवं कार्ड घालू नका.

मशीन बंद करा, वायर सॉकेटमधून काढा आणि पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरा, ती वाऱ्याने गरगरली तर पंखा खराब होतो. रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्टॅटिक घालवा. स्वस्त कॅबिनेटमध्ये मागच्या पट्ट्या पत्र्यातच कापलेल्या असतात. पकडीने हलवून तोडा, कडा हाताला लागतात. कार्ड दोन स्लॉट जाडीचं असेल तर दोन पट्ट्या काढाव्या लागतील.

स्लॉटच्या टोकाची खिटी उघडा. कार्ड कडांना धरून, सोनेरी पट्टीला हात न लावता, सरळ खाली दाबा. दोन्ही टोकं सारखी आत जायला हवीत आणि खिटी टक करून बसायला हवी. सोनेरी पट्टीची कड एका बाजूला जास्त दिसत असेल तर कार्ड तिरकं आहे. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा वाकलेला असला की मागचा स्क्रू आवळताना कार्डचं दुसरं टोक वर उचललं जातं. तेव्हा स्क्रू सैल करा, कार्ड पुन्हा दाबा आणि मग हळूहळू आवळा. पंख्याजवळच्या वायरी बांधून दूर करा.

आता मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमधून काढून कार्डच्या पोर्टमध्ये लावा. कार्ड बसवूनही फरक पडला नाही अशा तक्रारींत बहुतेकदा ही केबल जुन्याच जागी असते.

मशीन सुरू झालं की ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या. आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर साफ करा. मग जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसची ओळ बघा आणि शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवा. रिकामं बसलेलं कार्ड वीज वाचवायला लिंकचा वेग उतरवतं, म्हणून कामाला लागल्यावर दिसणारा आकडाच खरा.

बिघाड

पंखे फिरतात पण पडदा काळा: कार्ड काढून पुन्हा बसवा, केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा. तरीही काळाच असेल तर कार्ड काढा, बायोसमध्ये प्रायमरी डिस्प्ले पीसीआयई किंवा पीईजी करा आणि परत लावा.

गेम सुरू झाल्यावर काही मिनिटांनी मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि निळा पडदाही येत नाही: संशय पहिला एसएमपीएसवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ची नोंद दिसेल. ही नोंद मशीन नीट बंद न होताच रीस्टार्ट झाल्याचं सांगते, का झालं ते सांगत नाही. दुसरा चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून बघणं हाच खात्रीचा उपाय.

जीपीयू-झेडमध्ये कामाच्या वेळीही ८ ऐवजी १ किंवा २ लेन: कार्ड नीट बसलेलं नाही किंवा पट्टीवर घाण आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, सुकवून पुन्हा बसवा.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दुपारी वेग मंदावतो: तापमान बघा. कार्डचं ८० अंशांच्या पुढे टिकत असेल तर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा १२ सेंटिमीटरचा पंखा लावा. प्रोसेसर तापत असेल तर त्याची थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती बदला.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के आणि कार्ड ५० वर: कार्ड ठीक आहे, प्रोसेसर कमी पडतोय. रॅमची एकच पट्टी असेल तर आधी तिच्या जोडीची दुसरी लावा, दोन पट्ट्यांनी मेमरीचा वेग दुप्पट होतो. एच६१ आणि एच८१ वर १६ जीबीपर्यंत जाता येतं. त्यानंतर त्याच सॉकेटचा वापरलेला आय७-३७७० किंवा आय७-४७७० शोधा. एच६१ बोर्डवर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर लावण्याआधी बायोस अपडेट केलेलं असलं पाहिजे, नाहीतर मशीन सुरूच होत नाही. हेही नको असेल तर गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा. प्रोसेसरला श्वास मिळतो आणि झटके बरेच कमी होतात.